दुमडलेली ओळ

“तुम्ही त्या पोरीचा कागद चोरलात, साहेब,” गोंगबाई म्हणाल्या आणि बिस्किटांचा रिकामा डबा त्यांनी टेबलावर आपटला.

डब्याचं झाकण उडालं, टेबलाच्या काचेवरून घसरत गेलं आणि साहेबांच्या चहाच्या थर्मासला लागून थांबलं. साहेबांनी ते उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि डब्यावर नीट बसवलं. तालुक्याच्या शिक्षण कार्यालयात या खुर्चीवर बसणाऱ्याला कोणी नावानं हाक मारत नाही. साहेब म्हटलं की पुरतं.

“बसा,” ते म्हणाले. “उन्हातून आलात. चहा घ्या.”

“चहा नको.”

“चोरी काय म्हणता, गोंगबाई? डबा तुम्हीच आणून दिलात. याच टेबलावर ठेवलात.”

“मुलांची पातळी बघायची म्हणालात. उद्या परत देतो, कोणाला दाखवणार नाही, म्हणालात. तुमचेच शब्द. लिहून घेतलं नाही, एवढी माझी चूक.”

“दिला की परत.”

“रिकामा दिलात. बेचाळीस कागद होते त्यात.”

“ते स्पर्धेच्या फायलीत लागले. पुरावा म्हणून जोडावे लागतात, नियम आहे.” साहेबांनी दुसऱ्या पेल्यात चहा ओतलाच. “अहो, शहराच्या फेरीत पहिला नंबर आलाय आपला. आपल्या तालुक्याला विचारतं कोण आजवर? आता तो धडा प्रांताच्या फेरीला जाणार, आणि वर नाव कुणाचं? तुमचं. वरिष्ठ श्रेणीची यादी निघेल तेव्हा बघा. लोक पेढे वाटतात, तुम्ही डबे आपटताय.”

“पोरगी नऊ दिवस शाळेत आलेली नाही.”

“येईल.”

“तीन आठवड्यांवर परीक्षा आहे. ती बुडाली की वरची शाळा नाही. वरची शाळा नाही म्हणजे आईच्या शेजारच्या मशीनवर बुटांना तळवे चिकटवत बसायचं. पंधरा वर्षांची आहे ती, साहेब.”

“म्हणूनच सांगतो, जाऊन समजूत काढा. तुमचीच विद्यार्थिनी. आणि नाव तर मी झाकलं होतं.”

“हिरवी शाई झाकली होती का?”

साहेबांच्या चेहऱ्यावर खरंच काही आलं नाही. शाईचं त्यांना ठाऊकच नव्हतं. माणूस मुद्दाम तुडवतो तेव्हा निदान खाली बघतो तरी. यांनी खालीही बघितलं नव्हतं.

हे सगळं सुरू झालं एका शब्दावरून. रियली.

आमच्या चिनी भाषेत ‘फार’ हा शब्द आवडण्याला सरळ जाऊन चिकटतो. म्हणून आमची पोरं इंग्रजीतही ‘आय व्हेरी लाइक’ म्हणतात. त्यांचे बापही तसंच म्हणायचे. गोंगबाईंनी एकवीस वर्षं तो ‘व्हेरी’ लाल शाईनं खोडला आणि त्याच्या डोक्यावर ‘रियली’ लिहिलं. पोरं शहाणी. त्यांनी ‘व्हेरी’ सोडला आणि ‘रियली’ जिथेतिथे टाकायला सुरुवात केली, तांदळाच्या शेवयांवर तिखट टाकतात तसं, चवसुद्धा न बघता.

“आय रियली लव्ह होमवर्क,” मागच्या बाकावरचा जाडा फू एकदा उभा राहून म्हणाला. वर्ग खदखदला.

“खोटं बोलायला इंग्रजी कशाला शिकायला हवं, फू?” गोंगबाई म्हणाल्या. “ते तुला आपल्या भाषेत उत्तम जमतं.”

मग त्या फळ्याकडे वळल्या, पण काही लिहिलं नाही. खडू हातात तसाच धरून परत वर्गाकडे फिरल्या.

“हा शब्द क्रियापदाच्या आधी बसतो, हे तुम्हाला पाठ आहे. कुठे बसतो ते सोपं आहे. कधी बसवायचा ते अवघड. समोरच्यानं डोळ्यांत बघून ‘नक्की?’ म्हणून विचारलं आणि तुमची नजर हलली नाही, तर बसवा. हलणार असेल, तर नुसतं ‘आय लाइक’ म्हणा आणि खाली बसा. त्यात कमीपणा नाही.”

असं कुठल्या पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही. ते त्यांचं त्यांनाच सुचलं होतं, आणि सुचलं तेव्हा त्यांना स्वतःलाच जरा हुशारी आली. त्याच तासाला त्यांनी कागदाचे तुकडे वाटले. एकच वाक्य लिहायचं, रियली घालून, आणि ते अगदी खरं असलं पाहिजे.

“कोण वाचणार?” कुणीतरी विचारलं.

“मी.”

“मुख्याध्यापक?”

“नाही.”

“पेंगसर?”

“पेंगसर गणित शिकवतात. इंग्रजी दिसलं की त्यांना झोप येते.”

हशा झाला, आणि हशाबरोबर पोरांचे खांदे सैल झाले. बेचाळीस डोकी वाकली. त्यांतल्या निम्म्यांहून जास्त पोरांचे आईबाप दक्षिणेला कारखान्यांत आहेत. वर्षातून एकदा, नव्या वर्षाच्या सणाला येतात आणि पंधरा दिवसांनी जातात. अशा वर्गाला खरं वाक्य लिहा म्हणणं म्हणजे काय, हे बाईंना कळायला हवं होतं. कदाचित कळत होतंही.

त्या दिवशी संध्याकाळी शेवयांचा वाडगा समोर ठेवून त्यांनी डबा उघडला. बहुतेकांनी फुटबॉल, झोप आणि मोबाईल लिहिलं होतं. जाड्या फूनं लिहिलं होतं की त्याला खरोखर बारीक व्हायचंय. मग एक हिरव्या शाईतला कागद आला. दाय शिनयान. तिसऱ्या बाकावर बसते, मधल्या सुट्टीतही डोकं खाली घालून काही ना काही लिहीत असते. पहिली ओळ स्वच्छ होती.

आय रियली डोन्ट वॉन्ट माय मदर टू कम होम.

आईनं घरी येऊ नये असं मला खरोखर वाटतं. आणि खाली दुसरी ओळ, वेडीवाकडी, तीन ठिकाणी चुकलेली: कारण ती परत गेली की आजी तीन दिवस जेवत नाही, आणि जेवले असं मला खोटंच सांगते.

शेवया गार झाल्या. गोंगबाईंनी लाल पेन उचललं होतं, ते टोपण लावून ठेवून दिलं. एकवीस वर्षांत चुका दिसत असताना कागद तसाच घडी करून ठेवायची त्यांची ही पहिली वेळ.

पुढच्याच आठवड्यात कार्यालयातून निरोप आला की शहराच्या स्पर्धेसाठी तालुक्याचा दाखवायचा धडा गोंगबाईंनी घ्यायचा.

दाखवायचा धडा म्हणजे काय ते आमच्याकडच्या पोराटोरालाही सांगावं लागत नाही. तो घोटतात. एकच धडा, त्याच वर्गावर, सात सात वेळा. कोणत्या मिनिटाला कोणता प्रश्न, कोणी उठायचं, कुठे हसायचं, सगळं. उत्तर येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा, म्हणजे मागे बसलेल्या पाहुण्यांना अख्ख्या वर्गाचे हात वर दिसतात आणि बाईंना कळतं कुणाला उठवायचं नाही. आणि पडद्यावर वाक्य आलं की ते सगळ्यांनी एका सुरात तीनदा म्हणायचं. ज्याचे ओठ हलणार नाहीत त्याचे गुण कापले जातात. कॅमेरा ओठ बघतो.

तिसऱ्या तालमीला साहेब स्वतः आले. त्यांना ते खऱ्या वाक्यांचं भारी आवडलं. “यात जीव आहे,” म्हणाले. “बाकीचे तालुके तीच ती पुस्तकातली वाक्यं दाखवतात.” तेव्हा त्यांनी डबा मागितला, पातळी बघायला. अकरा वर्षं वरिष्ठ श्रेणीच्या यादीत नाव येता येता राहिलेली बाई साहेबाला काय सांगणार? दुसऱ्या दिवशी तिनं डबा नेऊन दिला. साहेबांनी शब्द दिला, तिनं तो घेतला, आणि दोघंही खूश झाली.

धड्याच्या दिवशी सभागृहात साठावर मास्तर होते. अडतीस मिनिटं घड्याळासारखी गेली. शेवटच्या दोन मिनिटांसाठी साहेब मंचावर आले, हातात तीन कागद. एकेक करून ते त्यांनी प्रोजेक्टरखाली ठेवले. पहिला झोपेचा. दुसरा फुटबॉलचा. तिसरा हिरव्या शाईचा. त्याच्या दुसऱ्या ओळीत चुका होत्या, प्रांतापर्यंत जाणाऱ्या व्हिडिओत त्या कशा दाखवणार? म्हणून साहेबांनी बोटानं कागद दाबला आणि ओळ मागे दुमडली. आजी गेली, जेवण गेलं, तीन दिवस गेले. पडद्यावर दारं-खिडक्यांएवढ्या अक्षरांत एकच उरलं: आईनं घरी येऊ नये.

“पाहा,” साहेब म्हणाले, “शब्द किती अचूक जागी बसलाय. याचा अर्थ कुणाला येतो?”

बेचाळीस हात वर झाले. शिनयाननं डावा हात वर केला.

गोंगबाईंनी तो हात पाहिला. तिचं स्वतःचं वाक्य, आणि ती सांगत होती की मला येत नाही.

मग वाक्य वर्गाकडून म्हणवून घेतलं गेलं. सभागृह दणाणलं. साठ मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. साठांपैकी एकालाही आई नव्हती की काय कोण जाणे. टाळ्या पडल्या त्या शब्दाच्या जागेला.

व्हिडिओ दुसऱ्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर आला. कुणाच्या तरी आईनं हौसेनं खाली अर्थ लिहिला. कुणीतरी विचारलं, ही कुणाची गं गुणाची? कुणीतरी लिहिलं, हिरवी शाई म्हणजे दायची असणार. त्याची गरज नव्हती. ते हिरवं पेन तिच्या आईनंच दक्षिणेतल्या डोंगग्वानहून पाठवलेलं. कारखान्यातल्या जेवणाच्या सुट्टीत तिनं आपल्या पोरीचे ओठ हलताना पाहिले. आजीच्या फोनवर तिचा एक ओळीचा निरोप आला, आजीला वाचता येत नाही म्हणून तो शिनयाननंच वाचला: येऊ नये तर नाही येत. दर रविवारी येणारा फोन त्या रविवारी आला नाही.

“दुसरी ओळ तरी ठेवायचीत,” गोंगबाई आता साहेबांना म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता आणि त्याचा त्यांनाच राग आला. “ती का दुमडलीत?”

“चुका होत्या हो त्यात. तुमचीच अब्रू वाचवली.” साहेबांनी चहावर फुंकर मारली. “आणि एक सांगू? मी फक्त कागद लावला. पुढचं...”

“पुढचं काय?”

“काही नाही. चहा गार होतोय.”

“मी शहराच्या कार्यालयात तक्रार करणार आहे. लेखी.”

“करा. स्पर्धेच्या निकालात तुमचंच नाव आहे, तेवढं लक्षात ठेवा.”

गोंगबाई उठल्या. जिन्यात पेंगसर भेटले. पगाराच्या कसल्याशा कागदासाठी आले होते.

“काय बाई, आता मोठ्या झालात. आम्हाला ओळख दाखवाल ना?”

“पेंगसर, त्या दिवशी तुम्ही सभागृहात होता?”

“होतो की. मागे.”

“ते शेवटचं वाक्य कळलं होतं तुम्हाला?”

पेंगसरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसला. “बाई, आम्ही टाळ्यांना टाळ्या देतो. अर्थ तुमच्याकडे.” मग, दोन पायऱ्या वर गेल्यावर, “तुम्ही मात्र थांबाल असं वाटलं होतं हं मला. क्षणभर.” आणि ते वर निघून गेले.

बॅटरीवरची स्कूटर संत्र्यांच्या मळ्यांमधून चढत राहिली. झाडांवर बोटाच्या पेराएवढी हिरवी फळं धरली होती आणि बायका जास्तीची तोडून खाली टाकत होत्या. वाटभर गोंगबाई मनात तक्रारीचा अर्ज रचत होत्या. विश्वासघात हा शब्द घालायचा. पदाचा गैरवापर घालायचा. वाक्यं एकामागून एक, ठाकठीक येत होती. राग असला की त्यांना भाषा कमी पडत नसे.

शिनयान आणि आजी अंगणात बसून बाकल्याच्या शेंगा सोलत होत्या. मधे टोपली, दोन्ही बाजूंना सालांचे ढीग. आजीनं उठून स्टूल पुसलं.

“बसा बाई, बसा. ही म्हणते पोट दुखतं. नऊ दिवस कुठलं पोट दुखतंय? उलथनं दाखवलं तरी उठेना. तुम्हीच सांगा आता.”

“आजी, तुमचं बरं आहे ना?”

“मला काय धाड भरलीय! हिनं म्हणे फार चांगलं वाक्य लिहिलं, साहेबांनी शाबासकी दिली. गावभर मला सांगतात आणि सांगताना माझ्याकडे असे बघतात. मी विचारते, अगं काय लिहिलंस? तर बोलत नाही. आणि लेकीचा फोनही नाही. तिथे जास्तीचं काम असेल.” आजी टोपलीतले दाणे चाळवत राहिली. “जेवलात का? थांबा, बाकला घालून भात टाकते. मी तर आत्ताच जेवले.”

शिनयाननं मान वर करून आजीकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. आजी लगबगीनं आत गेली.

गोंगबाईंनी एक शेंग उचलली. नखानं तिचा धागा काढता काढता त्या बोलायला लागल्या. आपण कार्यालयात गेलो, डबा आपटला, साहेबांना तोंडावर चोर म्हटलं. असं आजवर तालुक्यात कोणी केलं नाही. अर्ज लिहिणार आहे. तो व्हिडिओ काढायला लावीन. तुझ्या आईला मी स्वतः फोन करीन, दुसरी ओळ वाचून दाखवीन.

“आईला मी सांगितलं,” शिनयान म्हणाली.

“काय म्हणाली?”

“म्हणाली, मग ती ओळ दुमडली तेव्हा तू गप्प का होतीस.”

आत तांदूळ धुतल्याचा आवाज आला.

“तुझी चूक नाही यात,” गोंगबाई म्हणाल्या. “चूक त्या माणसाची. त्यानं मला शब्द दिला होता. माझ्याशी खोटं बोलला तो, शिनयान. मलासुद्धा फसवलं.”

“हो.”

“तू सोमवारी शाळेत ये. परीक्षा त्याच्यासाठी बुडवायची नाही. त्याला कशाला जिंकू द्यायचं?”

शिनयाननं शेंग उघडली. आत चार दाणे होते. तिनं एकेक टोपलीत टाकला. तिचा आवाज वर्गात उत्तर देताना असतो तसाच होता, हळू पण पूर्ण वाक्यांचा.

“त्या साहेबांचं मला काही नाही, बाई. मी त्यांना कागद दिलाच नव्हता. त्यांना मी ओळखतही नाही. ते चोर असले तर असतील.”

“मग?”

“मी तुम्हाला दिला होता.”

गोंगबाईंच्या हातातली शेंग मधेच राहिली.

“त्यांनी कागद ठेवला आणि बाजूला झाले. माईक तुमच्याकडे होता. हात तुम्ही वर केलात. ‘सगळे मिळून’ तुम्ही म्हणालात.” ती अजूनही सालांकडेच बघत होती. “पहिल्यांदा तुम्हाला कळलं नसेल. तुम्ही घाबरला असाल. मीसुद्धा घाबरले, मीसुद्धा म्हटलं. पहिल्या वेळेचं मी नऊ दिवस स्वतःला समजावलंय.”

“शिनयान...”

“पण मधे थांबला होतात तुम्ही. माझ्याकडे पाहिलंत. माझा हात अजून वरच होता. आणि मग परत हात उचललात.”

आजी आतून ओरडली, बाईंना तिखट चालतं का विचार गं.

सोललेली शेंग शिनयाननं ढिगावर ठेवली आणि पहिल्यांदाच मान वर करून बाईंकडे पाहिलं.

“दुसऱ्या वेळी का, बाई? आणि तिसऱ्या? मला शाळेत यायला सांगताय ना? मग आधी एवढं सांगा. मी इथेच बसलेय. सांगा.”